चार चौकोन

कॉलेजच्या पहिल्या वर्षी जीवशास्त्रात आनुवंशिकता सुरू झाली, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर वहीत चार चौकोन आखून त्यांच्या एका बाजूला 'आई', दुसऱ्या बाजूला 'वडील' लिहीत बसले होते. बाबा डोकावून म्हणाले, "हे काय, फुलीगोळा?"

मी सांगितलं, "नाही हो. काही आजार मुलाला व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो. एकाकडूनच आला, तर मूल ठणठणीत राहतं. आपल्या दादाचा आजार त्यातलाच."

दादा सहाव्या वर्षी गेला, तेव्हा मी पाळण्यात होते. "तुझ्या माहेरचं रक्तच नासकं," हे बाबा तेव्हापासून आईला ऐकवत आले होते. अगदी परवासुद्धा, जेवायला जरा उशीर झाला म्हणून.

बाबांनी मला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग वही स्वतःकडे ओढली आणि 'वडील' लिहिलेल्या बाजूवर बोट ठेवलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. आई भांडी घासत होती.

"अगं, ऐकलंस का," ते म्हणाले. "माझ्याकडूनही आलं होतं गं ते. निम्मं माझंच होतं."

आईने नळ बंद केला.


"ठाऊक आहे मला. तो गेला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तुम्ही अन्नपाणी सोडून बसला होतात; म्हटलं, हे कळलं तर तुम्हीही माझ्या हाती लागायचे नाहीत."