दिवेलागणीचं दूध

"सावली वाच आणि मोकळा हो," साहेब म्हणाला. "मला उजेड आहे तोवर कँपात पोचायचं आहे."

नरहरनं भिंतीकडं पाहिलं. सकाळीच साहेबानं तिला चुन्याचे दोन हात द्यायला लावले होते. चुना वाळला तशी सूरजमल शेटजींची सावली पुन्हा वर आली. पेढीच्या गादीवर बसलेली, पगडी थोडी कललेली. शेटजींना मात्र सकाळीच जाळून आले होते. तीही घाई साहेबाचीच.

आता ही जालन्याची जुनी खोड आहे. इथं ज्याचा खून होतो त्याची सावली देहाबरोबर जात नाही. मागं राहते, आणि ज्या वेळेला जीव गेला त्याच वेळेला रोज, शेवटचं जे घडलं ते पुन्हा करून दाखवते. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. निजामाच्या खुफिया पोलिस खात्यात नरहरनं उभी हयात ह्याच सावल्या वाचल्या. निजाम गेला, खातं गेलं, गावाबाहेर कँप टाकून नवे साहेब आले. त्यांना ह्या सावल्या म्हणजे भिंतीची ओल वाटायची.

पण गाव ऐकेना. सावली वाचल्याबिगर कचरूला हलवू देणार न्हाई, म्हणत कादराबाद पेठेतली माणसं पेढीच्या दारात दाटून उभी होती. म्हणून तर साहेबानं नरहरला घरातून उचलून आणवलं होतं.

कचरू पेढीवरचा जुना हमाल. हात पुढं बांधलेले, तोंडात त्याचाच पटका कोंबलेला, दोरीचं टोक शिपायाच्या मुठीत. बाहेर जीपचं इंजिन चालूच होतं. त्या जीपमधून कँपात गेलेलं एकही माणूस अजून घरी परतलं नव्हतं.

"काल दिवे लागले तेव्हा मी इथंच होतो," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. मराठी तो इथं येऊन शिकला होता, त्यामुळं एकेक शब्द मोजून टाकायचा. "ह्या हमालानं दूध आणलं. शेटजींनी आनंदानं प्यायलं. मी निघालो आणि मागं म्हातारा गेला. दुधात विष. अजून काय पाहिजे?"

अर्धा पेला गादीशेजारी तसाच होता.

दारातली कुजबुज एकदम थांबली. पडद्यामागं शेटजींच्या पत्नी प्रेमबाई रडत होत्या, तेही थांबलं. जे नरहरला कळलं ते दारातल्या प्रत्येकाला कळलं होतं, पण बोलतो कोण? साहेबाच्या कमरेला पिस्तूल होतं. जप्तीचं धान्य कुणाच्या ट्रकमधून गायब होतं, हे तरी गावात कुणाला ठाऊक नव्हतं? औरंगाबादला जाऊन वरच्या साहेबांना सांगायची छाती एकट्या शेटजींची, आणि ते आज निघणार होते.

"काय दिसलं?"

"अजून काही न्हाई, साहेब. दिवा लागू द्या."

"कशाला?"

"सावलीच ती. उजेडाबिगर कशी वाचू?" नरहर चक्क खोटं बोलला. तो फक्त दिवेलागणीपर्यंत वेळ काढून राह्यला होता.

साहेब जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "नरहर, जीपमध्ये दोघांची जागा आहे."

नरहर भ्याला. न भ्यायला काय झालं, माणूसच की. पण त्यानं मान खाली घातली न्हाई आणि भिंतीपुढून हललाही न्हाई.

सूर्य बुडाला. कुणीतरी कंदील लावून खुंटीला अडकवला.

सावली हलली.

साहेब दोन पावलं मागं सरला. भिंतीवरच्या पगडीनं मान वर केली, समोर कुणी आल्यासारखी. मग दोन्ही हात सावकाश उठले आणि छातीशी जोडले गेले.

साहेबाचा चेहरा खुलला. तो मोठ्यानं हसला. "बघा! सलाम करतोय मला! मेल्यावरही ओळखलं!"

कुणी हसलं न्हाई.

"सलाम न्हाई तो." पडद्यामागून प्रेमबाई बोलल्या. परक्या पुरुषापुढं त्यांचा आवाज गावानं आजवर ऐकला नव्हता. "सूरज ढळला की आमच्यात पाण्याचा घोटबी घेत न्हाईत. कोणी काही पुढं केलं की हे असेच हात जोडायचे."

भिंतीवरचे हात सुटले आणि गळ्याशी गेले. कसली तरी पकड सोडवायला झटले, तडफडले. मंग सावली गादीवर आडवी झाली.

"गावातलं शेंबडं पोरगंबी सांजंला शेटजींपुढं दूध धरणार न्हाई, साहेब," नरहर म्हणाला. "कचरूची तर जिंदगी गेली ह्या पेढीवर. ज्यानं दूध आणलं त्याला हे ठाऊकच नव्हतं. शेटजींनी नको म्हणलं, मंग त्यानं गळा दाबला आन अर्धं दूध ओतून देऊन पेला ठेवला. काल दिवे लागले तेव्हा इथं कोण होतं, ते आत्ता तुमच्याच तोंडानं ऐकलं सगळ्यांनी."

साहेबाचा हात पिस्तुलावर गेला. "रस्ता सोडा!"

दारातलं एकही माणूस हललं न्हाई. शिपायानं एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा साहेबाकडं, आणि मुठीतली दोरी खाली टाकली. कचरूनं बांधल्या हातांनीच तोंडातला पटका ओढून काढला.

बाहेर ड्रायव्हरनं जीपचं इंजिन बंद केलं.