हसायचं नाही

अकोल्याच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी विजयमालाची फिट थांबली, पण हिरड्या सुजून अर्ध्या दातांवर चढल्या आणि डोळ्यांवर सदा गुंगी राहू लागली. मंगरूळपीरचे पाहुणे तिला पाहायला आले, तेव्हा आईनं बजावलं, "फिटचं बोलू नोको, अन् हासू तं बिलकुल नोको वं माय." ती हसली नाही. मुलगाही हसला नाही. "पोरगा लयच गंभीर हाय," आई नंतर म्हणाली.

लग्न लागलं. एस.टी.नं ती सासरी निघाली. खिडकीबाहेर फुललेले पळस, पाण्यात दिवे सोडावेत तसे तरंगत मागे जात होते. दुपारच्या गोळीची वेळ झाली. नवऱ्याला दिसू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं आणि पदराच्या गाठीतली गोळी कोरडीच गिळली. जोराचा ठसका लागला, तोंडावर धरलेला पदर सुटला आणि सुजलेल्या हिरड्या उघड्या पडल्या.

नवऱ्यानं फिरकीचा तांब्या पुढे केला. "कोरडी उतरत नसते हे गोळी. पानी घे. अन् दोन घोट मले ठेव, माही बी याच टायमाले असते."

खिशातून पुडी काढताना तो पहिल्यांदाच हसला. त्याच्याही हिरड्या अर्ध्या दातांवर चढल्या होत्या.