माहेरच्या यादीतलं नाव

शाळा सांभाळून माहेरच्या गावची मतदारयादी दुरुस्त करणं माझ्याच गळ्यात पडलं होतं. कापसाला भाव नव्हता. अर्धं गाव सुरतला निघून गेलं होतं. माझ्या भावाचं दारही सहा महिने कुलूपबंद होतं.

शेजारच्या उकंडाकाकांची साक्ष घेतली आणि भावाच्या ओट्यावर बसून त्याच्या नावावर लाल रेघ मारली.

आत कुऱ्हाडीचा घाव पडला. भाऊ किंचाळला.

"काका, आत कोण आहे?"

"कोनीच नाही. मार बाई रेघा, मले वावरात जायचं हाय."

हात थांबेपर्यंत वहिनीच्या नावावरही रेघ गेली होती. पुन्हा घाव. वहिनीची किंकाळी. दाराखालून रक्त ओट्यावर आलं. काका त्यातच उभे होते. त्यांना ते दिसतच नव्हतं.

त्या घरातलं एकच नाव उरलं होतं. माझं. गावभरच्या लेकींची नावं लग्नानंतर मीच कापली, स्वतःचं मात्र वीस वर्षं राहूनच गेलं.

"हे कायले ठेवलं?" काकांनी माझ्या हातातला पेन ओढून घेतला.

"नका, काका!"

त्यांनी रेघ मारली.

आत काहीच वाजलं नाही. माझ्या पाठीमागे, ओट्यावरच, कोणीतरी कुऱ्हाड उचलली.