जड माणसाची सायकल

"आधी तू बस," धर्माजी म्हणाला.

"घेणार तू आणि बसू मी?" असं म्हणत आत्माराम बसला. उमरोळीच्या त्या अंगणात त्यानं दोन फेऱ्या मारल्या. कोंबड्या बाजूला झाल्या. आत्माराम इतका किडकिडीत होता, की वर कोणी बसलंय हे सायकलला कळलंही नसावं.

"आता तू."

"मोडली तर?" धर्माजीनं आवाज खाली आणला. "बाईचा नवरा जाऊन महिना नाय झाला. तिची सायकल मोडू? घेतल्यावर मोडली तर माझी मोडंल."

आत्मारामनं उतरून सायकल स्टँडला लावली. पालघरच्या बाजारात त्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि भाड्याच्या दोन सायकली. गेल्या वर्षापर्यंत तीन होत्या. तिसरीवर धर्माजी बसला होता.

धर्माजी लहानपणापासूनच जड. त्याला लांबून बघितलं की टांगेवाले घोडा हाकलून पुढे निघून जात. भाताच्या गिरणीत पोती उचलायला तेवढं ते अंग कामाला यायचं. ती गिरणी बंद पडली. तेव्हापासून घरी त्याची बायको आनंदी दोन्ही वेळेला पेज शिजवत होती, आणि पेज रोज पातळ होत होती.

मग कळलं, तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललंय, तिथं एका ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोदामावरचा राखणदार वारला. धर्माजी तिथं जाऊन उभा राहिला. मुकादमानं त्याला वरून खाली आणि मग डावीकडून उजवीकडे बघितलं.

"आदमी ठीक है. साइकिल है?"

बोईसर स्टेशनावरून पायी येणारी माणसं उशिरा पोचत, म्हणून ठेकेदारानं नियमच केला होता. सायकल नाही, तर काम नाही.

"बलवंत के पास थी. एक दिन भी लेट नहीं आया. सोमवार को साइकिल लेके आना, नहीं तो दूसरा आदमी तैयार है."

आज रविवार होता. हे त्या वारलेल्या बळवंतचंच अंगण होतं, आणि सायकलही त्याचीच.

बळवंतची बायको जयवंती ओटीवर बसली होती. कपाळ मोकळं. नजर सायकलवर.

"वयनी," धर्माजी म्हणाला, "भाऊ पण अंगानं माझ्यासारकेच होते म्हणतात."

जयवंतीनं त्याला नीट निरखलं. "तुमच्याहून वाईच जास्तच. तिरडीला बांबू दुप्पट लागले."

"आणि रोज हीच सायकल?"

"रोज. सायकल घेतल्याबिगर कदी गेले नाय. पावसात बी नाय."

"स्पोक तुटला कदी? फ्रेम वाकली?"

"काय बी नाय. पंक्चर व्हायची, तेवढंच. लय जपायचे तिला. सायकलीचा खर्च असा नवताच. चपला मात्र सारख्या लागायच्या."

"ब्रेक पायानं लावत असतील," आत्माराम धर्माजीच्या कानात म्हणाला. "वजनदार माणसं लावतात."

मग तो उकिडवा बसून सायकल तपासू लागला. टायर झिजले होते, म्हणजे वापर भरपूर झालेला. पण सीट कुठं चेपलेली नव्हती. चेन नव्यासारखी. पायडलचं रबर जसंच्या तसं.

"चामडं अस्सल हाय," आत्माराम म्हणाला. "आणि माणूस एवढा जड, पण पाय बघ केवढा हलका." डाव्या मुठीचं रबर तेवढं झिजून गुळगुळीत झालं होतं. उजवी मूठ कोरी. "डावखुरा असणार."

"हां," जयवंती म्हणाली. "जेवायचे पण डाव्या हातानं."

आत्मारामनं धर्माजीकडे बघून मान हलवली. हुशारी पटली ना, अशी.

"निघायचे कवा?" धर्माजीनं विचारलं.

"कोंबडं आरवायच्या आधी. यायचे ते दिवे लागल्यावर. मग मी पाय शेकून द्यायची."

धर्माजीला भरून आलं. दाराशी सायकल असूनही माणूस एवढ्या लवकर निघतो, म्हणजे कामावर निष्ठा केवढी.

"आणि गेले कसे?"

"वाटेतच. बोईसरच्या पुढं बाभळीखाली बसले, ते बसलेच. लोक धावले, तर सायकल बाजूला स्टँडवर उभी. तिला साधं खरचटलं पण नवतं."

तिघंही सायकलकडे बघत राहिले. धर्माजीच्या अंगावर काटा आला. माणूस गेला आणि सायकल उभी. आणखी काय खात्री पाहिजे माणसाला?

त्यानं पिशवीतून तांब्याचा हंडा काढला. आनंदीच्या लग्नातला. सकाळी तिनं तो चिंचेनं घासून लखलखीत करून दिला होता आणि मग दारापर्यंतसुद्धा आली नव्हती. जयवंतीनं हंडा वाजवून बघितला, आत नेला. थोड्या वेळानं आतून त्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. व्यवहार झाला.

बाहेर येऊन तिनं सायकलची डावी मूठ पदरानं पुसली. बराच वेळ पुसली.

"सांबाळून न्या, भावोजी."

"माझ्या पोटाचीच सोय हाय ती, वयनी. जिवापलीकडं जपीन."

धर्माजीनं सायकल रस्त्यावर आणली. आत्मारामनं मागून कॅरियर धरला आणि लगेच सोडला. धर्माजीनं धोतर वर खोचलं. ग्रामदेवतेचं नाव घेतलं. डावा पाय पायडलवर ठेवला आणि उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकायला उचलला.

मागून जयवंती जिवाच्या आकांतानं ओरडली.

"अवो भावोजी, बसताय काय तिच्यावर? मोडंल ना! हे जल्मात कदी बसले नाय!"