चार नंबरचा बिल्ला

"अहो, आजही माझ्या मास्कमध्ये पाणी शिरतंय," बायको नाकातोंडातलं खारं पाणी पुसत शिडीवरून वर आली. "तुम्ही बघता म्हणालात ना?"

"घरी गेल्यावर बघतो," चष्मेवाला म्हणाला. "आज नको उतरूस आता."

बघायचं काय होतं त्यात! काल सकाळी सगळे चहात दंग असताना त्यानंच रबराला ब्लेडनं बारीक चीर दिली होती. दुकानात दिवसभर चष्म्यांच्या काड्या बसवणारा माणूस, कुणाला शंका येणार नाही इतकं सफाईदार काम.

मग करणार काय? तीन दिवस तो शिडाच्या बोटीत बसून नुसता बघत होता. त्याला पोहता येत नव्हतं. पाण्यात तोंड घालून मासे बघायचे ते बायकोनं आणि बोक्यानं. बोका त्याचा शाळेपासूनचा मित्र. लहानपणी शेजाऱ्यांचं दूध चोरून प्यायला, तेव्हापासून बोकाच. "वहिनी, इकडे या, कासव!" म्हटलं की ही निघालीच. वर आल्यावर दोघांचं खिदळणं. लग्नाला अकरा वर्षं झाली, नवऱ्याच्या विनोदाला ती अशी कधी हसली होती? चष्मेवाला आतल्या आत जळत होता. बायको हातची जाणार, अशी त्याची खात्रीच पटली होती.

बोका अजून पाण्यातच होता. बायको फणकाऱ्यानं खालच्या खोलीत गेली, तेव्हा कुठे चष्मेवाल्याला जरा बरं वाटलं. सावलीत आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा ऊन कललं होतं. बरोबर आलेले वकील नि वकिलीणबाई तोंडावर टोप्या घेऊन घोरत होते. खोलीचं दार बंद, आत पंखा घरघरत होता. झोपू दे तिला, तो मनात म्हणाला.

मग त्याची नजर शिडीजवळच्या फळीवर गेली. बोटीची शिस्त साधी होती. प्रत्येक मास्कचा एक पितळी बिल्ला. मास्क घेऊन पाण्यात उतरलात की बिल्ला लाल खिळ्यावर, वर आलात की हिरव्या. बोट चालवणारा तांडेल माणसं मोजत नसे, बिल्ले बघत असे. लाल खिळ्यावर एकच बिल्ला होता. चार नंबर. बोक्याचा.

लांब बेटाजवळच्या खडकाशी त्याच्या मास्कची श्वास घ्यायची नारिंगी नळी पाण्यावर डुलताना दिसत होती.

चष्मेवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं, बिल्ला उचलला आणि हिरव्या खिळ्यावर टांगला. बसू दे लेकाला खडकावर दोन तास! चांगली जिरेल. मग आपणच म्हणू, अरेच्चा, बोका राहिला की!

तांडेल इंजिनातून डोकं काढून आला. फळीकडे बघून "सगळे आले," म्हणाला आणि त्यानं नांगर उचलला.

तासाभरात बेट ठिपक्याएवढं झालं.

"वेळेत निघालो, साहेब," तांडेल म्हणाला. "भरतीला तो खडक अख्खा बुडतो. आणि ओढ अशी, की पट्टीचा पोहणाराही भर समुद्रात जातो."

चष्मेवाला ताडकन उठून बसला. अजूनही बोट वळवता आली असती. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला ते खिदळणं आठवलं. त्यानं तोंड मिटलं, चष्मा काढला आणि काचा पुसत बसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला तेव्हा बेट दिसेनासं झालं होतं.

खालच्या खोलीचं दार उघडलं. डोळे चोळत, केस विस्कटलेला बोका बाहेर आला.

"बोट लागली रे मला, मेल्यासारखा झोपलो," तो म्हणाला. "वहिनी कुठायत? त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं, म्हणून माझा दिला होता."