कागदावरचा कोच

फुटबॉल सामन्याच्या एकाहत्तराव्या मिनिटाला व्रानाने टोपी काढली आणि ठरल्याप्रमाणे ड्यूरो गवतावर आडवा झाला. पंचाने शिट्टी मारून उपचाराला आत यायची खूण केली. व्राना मलमाची पेटी घेऊन धावत मैदानात गेला, ड्यूरोची पोटरी चोळू लागला आणि चोळता चोळता दोन गोष्टी सांगितल्या. त्यांच्या नऊ नंबरला डावीकडे वळू देऊ नकोस. बचावाची रांग दहा पावलं मागे घे. ड्यूरो लंगडत उठला आणि चौथ्या पावलाला लंगडायचं विसरला.

पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांतून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत कुणीतरी ओरडलं, "ए चेक, तुमच्याकडे मैदानात झोपायला शिकवतात काय रे?"

ओटाकार व्राना छप्पन्न वर्षांचा होता. आपल्या चेक देशात ब्र्नोत खेळला, सायप्रसमध्ये खेळला, मग तीन देशांत कोच झाला. या फिरतीत कोचच्या परवान्याची मुदत संपली. म्हणून या स्लोवाक गावाच्या क्लबने कागदावर त्याला मालिशवाला दाखवलं होतं. कागदावरचे कोच होते गोम्बार सर. शाळेच्या संघासाठी कधीकाळी काढलेला परवाना त्यांनी निवृत्तीनंतरही न चुकता नवा करून घेतला होता. ते बाकावर बसून शब्दकोडी सोडवत. आता उभे राहा, आता हात हलवा, आता चिडा, असं व्राना शेजारून हळूच सांगायचा. सर चिडायचे. ते त्यांना फारसं जमायचं नाही.

आज बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात जाणार होता. तसं झालं तर व्रानाला परवान्याच्या वर्गाला पाठवायचं आणि पुढच्या मोसमापासून कागदावर त्याचं नाव घालायचं, असा शब्द अध्यक्षांनी दिला होता. नाही झालं तर महिनाअखेर क्लबने दिलेली खोली रिकामी करायची. याच गावात एकोणिसाव्या वर्षी त्याने लष्करातली दोन वर्षं काढली होती. तेव्हा चेक आणि स्लोवाक मिळून एकच देश होता, म्हणजे हा त्याचाच देश होता.

एक-एक अशी बरोबरी होती. त्र्याऐंशीव्या मिनिटाला मधली फळी पुढे पुढे जाऊ लागली, म्हणून व्रानाने पुन्हा टोपी काढली आणि पेटी उचलायला खाली वाकला. वर पाहिलं तेव्हा ड्यूरो आडवा होता. दुसऱ्या संघाचा एक गडीही कपाळ धरून बसला होता, पण तो लगेच उठला.

व्राना ड्यूरोजवळ गुडघ्यावर बसला. नडगी चोळत म्हणाला, मधल्या पोरांना मागे बोलव, उगाच धावताहेत.

"आपण कुठल्या बाजूला खेळतोय?" ड्यूरोने विचारलं.

ड्यूरो संघातला विनोदी गडी. आठवडाभर लाकडाच्या वखारीत काम करायचा आणि रविवारी सगळ्यांना हसवायचा. व्राना हसला आणि म्हणाला, चेष्टा पुरे, सात मिनिटं राहिलीत.

ड्यूरो त्याच्याकडे बघत होता. नजर चेहऱ्यावर नव्हती, कानामागे कुठेतरी होती.

"काका," तो अगदी अदबीने म्हणाला, "तुम्ही आमच्या गावचे का?"

व्रानाचा हात नडगीवर थांबला. इतका वेळ आपण नको ती जागा चोळत होतो, हे त्याला कळलं. ड्यूरोच्या कानाच्या वर, केसांच्या कडेला, टेंगूळ वर येत होतं.

बदली खेळाडू संपले होते. ड्यूरो बाहेर गेला तर दहाजण उरणार, आणि नऊ नंबरला अडवणारा दुसरा कुणी नव्हता. पंच घड्याळ दाखवत होता. प्रेक्षकांतून कुणीतरी ड्यूरोला चिडवत बाईसाहेबांना उशी द्या म्हणत होतं. गोम्बार सर शब्दकोडं बाकावर ठेवून रेषेपर्यंत आले होते. त्यांना उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

"खरंच लागलंय?" त्यांनी विचारलं.

व्राना रेषेजवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, सातच मिनिटं. नुसता उभा राहिला तरी नऊ नंबर बिचकेल."

"मी मालिशवाल्याला विचारतोय," सर म्हणाले.

व्रानाने मागे पाहिलं. ड्यूरो उठून बसला होता आणि स्वतःच्या बुटांकडे, ते दुसऱ्याचे असावेत तसा बघत होता. उत्तर कोचने द्यायचं की मालिशवाल्याने, हेच व्रानाला ठरवता येईना.

"त्याला मी ओळखू येत नाहीये," शेवटी तो म्हणाला.

सरांनी पंचाकडे पाहून हात वर केला. मग फाटकावरच्या माणसाला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. आवाज चढवला नव्हता, तरी तो माणूस पळाला.

दोघांनी ड्यूरोला धरून बाकामागच्या गवतावर नेलं. सर परत रेषेवर गेले. आता काय करू, असं त्यांनी एकदा वळून विचारलंही, पण व्रानाने मान वर केली नाही. तो ड्यूरोच्या समोर, मैदानाकडे पाठ करून बसला होता. झोपू नकोस, असं सांगत होता. ड्यूरो मान डोलवत होता आणि दर थोड्या वेळाने आजचा वार विचारत होता. रविवार, व्राना दर वेळी सांगत होता.

अचानक मैदान दणाणलं. शिट्ट्या, पत्र्याच्या कुंपणावर बडवणारे हात, बायकांचा चिरका आवाज. पाहुण्यांचे पाठीराखेही दोन बस भरून आले होते. आवाजावरून काही कळत नव्हतं.

"कुणाचा गोल?" ड्यूरोने विचारलं.

"इकडे बघ," व्राना म्हणाला. "माझ्या बोटाकडे. डोळे त्याच्याबरोबर फिरव."

त्याने बोट सावकाश डावीकडे नेलं. ड्यूरोचे डोळे त्यामागे निघाले आणि अर्ध्यावर थांबले. व्रानाने मैदानाकडे न बघता बोटही तिथेच थांबवलं.