जांभळा उजेड

दिवा आधी तिच्यावर फिरला. खिडकीला जाड पडदा, दाराच्या फटीला टॉवेल. त्या मिट्ट खोलीत डॉक्टरबाईंच्या हातातला जांभळा उजेड तिच्या पाठीवरून, दंडांवरून, पोटऱ्यांवरून सावकाश सरकत गेला. ती श्वास रोखून उभी होती. उजेड कुठेच थबकला नाही.

"तुमच्यात काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कपडे नीट करून घ्या."

कोपऱ्यातल्या स्टुलावर सासूबाई चिऊला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या गप्प राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

चिऊच्या अंगावर जन्मापासून पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग होते. "पोटुशी असताना दुधावर मासे खाल्ले असणार हिने," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पुढे चिऊ बसल्या बसल्या एकदम वाकायला लागली, दोन्ही हात झटकन पसरून, पुन्हा पुन्हा. घरात कोण कौतुक! "बघा बघा, पाहुण्यांना सलाम ठोकते!" नणंद टाळ्या वाजवायची. तिने, चिऊच्या आईनेच, त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. ते सलाम नव्हते. झटके होते. मेंदूत गाठी निघाल्या, हृदयात एक निघाली, आणि आजाराला एक लांबलचक नाव निघालं, ट्युबरस स्क्लेरोसिस. दुर्मिळ आहे, जनुकांतून येतो, असं कळल्यावर सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "म्हणजे आईकडून ना?"

तेव्हापासून घरात तोच एक विषय. आमच्यात असलं कुणाला नाही. हिच्या माहेरी बघा, तो मामा जरा तसाच होता. मामाला फक्त कमी ऐकू यायचं. नवरा पेपरात तोंड घालून बसायचा. फार झालं तर म्हणायचा, "आई, जाऊ दे ना," आणि पान उलटायचा. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. "हे तरी आमच्या वळणावर जाऊ दे," सासूबाई म्हणत, तिच्या पोटाकडे बघत, तिच्याकडे नाही.

पडदा ओढण्याआधी डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. रक्ताची तपासणी पुढे होईल, आधी कातडी बघू. साध्या उजेडात हे डाग गोऱ्या-सावळ्या कातडीत हरवून जातात, या दिव्याखाली लख्ख दिसतात. "तुम्हा दोघांत काहीच नसेल, तर ते चिऊमध्येच पहिल्यांदा उपजलंय. मग या बाळाची फारशी भीती नाही. पण दोघांपैकी एकात असेल, अगदी पुसटसं, त्रास नसलेलंही, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. आणि कुणात किती जोराने उतरेल, ते सांगता येत नाही."

म्हणजे मागायचं एकच होतं. दोघंही स्वच्छ निघोत. ती काल दिवसभर तेच मागत होती. भांडी घासताना, चिऊला औषध पाजताना.

"चला, आयुष्यात एकदा तरी माझ्यावर प्रकाशझोत," नवरा शर्ट काढत म्हणाला. कुणी हसलं नाही. दिवा त्याच्या पाठीकडे वळला. आणि तिच्या मनात काय आलं, ते तिचं तिलाच ऐकू आलं. निघू दे. एक तरी निघू दे.

उजेड थबकला.

खांद्याखाली एक पान होतं. पांढरंशुभ्र, चमकणारं. त्याच्या खाली आणखी एक. मग कमरेजवळ तीन, दाटीवाटीने.

"पावडर असेल," सासूबाई म्हणाल्या. "आंघोळ झाली की थापतो तो. लहानपणापासूनची सवय आहे."

डॉक्टरांनी ओला कापूस घेऊन पाठ पुसली. पान तसंच राहिलं. त्यांनी दिवा त्याच्या चेहऱ्याजवळ नेला आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक पुटकुळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. घरात त्यांना तारुण्यपीटिका म्हणत, तारुण्य उताराला लागलं तरी. मग त्यांनी मोजे काढायला सांगितले.

"ते बुटाने होतं," तो म्हणाला. करंगळीच्या नखाशी मांसाचा एक कोंब होता. "कापला की परत येतो. बूट चावतो मला."

"बुटाचं नाही ते," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

मग सासूबाईंचा आवाज आला. एकदम मऊ, समजूतदार. असला आवाज त्यांच्याकडे आहे हे तिला माहीतच नव्हतं. "जाऊ दे. असल्या गोष्टी कुणाच्या हातात असतात का? कुणाला बोल लावून काय मिळणार आहे?"

ती अंधारात हसली. मोकळेपणाने, दात दिसतील इतकी. मामा, मासे, माहेर, सगळ्याचं उत्तर तिच्या जिभेवर आयतं येऊन बसलं होतं. वर्षभर घोकलेलं. आता फक्त म्हणायचं होतं.

"कितवा महिना म्हणालात तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौथा," ती म्हणाली. ते हसू अजून तिच्या तोंडावरच होतं.

डॉक्टरांनी दिवा खाली केला आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा," ती म्हणाली. तिने ट्रेमधला कापूस उचलला आणि नवऱ्याच्या पाठीवर घासायला लागली, जोरात, कातडी लाल होईपर्यंत. "डॉक्टर, दिवा धरा ना इकडे. पावडरच असेल हो. आई म्हणतात ते खरं आहे, फार थापतो तो."